चौथ्या मजल्यावर राहणारी आई

तेरेक-साझ, ४ डिसेंबर

ताबिल्दी,

तुझी खुशाली विचारत नाही. सख्ख्या बहिणीचा नंबर जो फोनमधून बंद करतो त्याला झोप चांगली लागत असणार, म्हणजे तू बराच असशील. कागद बंद करता येत नाही म्हणून कागदावर लिहिते आहे. कासिम सुताराचा जावई ट्रक घेऊन येकातेरिनबुर्गला निघालाय, तुझं गोदाम त्याला माहीत आहे. त्याला सांगितलंय, पाकीट हातात दे आणि तो फोडेपर्यंत समोरून हलू नकोस.

आईचा उजवा पाय मांडीपासून कापला त्याला या महिन्यात एक वर्ष झालं. ऑपरेशनला तू पैसे पाठवलेस, ते मी नाकारत नाही. पण एका पायाचं माणूस या घरात कसं राहतं ते पैसे पाठवून कळत नाही. दारापुढे चार पायऱ्या आहेत. आत उंबरा आहे, तो वडिलांनी गुडघाभर उंच केला, वारा येऊ नये म्हणून. संडास अंगणाच्या पार टोकाला. रुग्णालयाने चाकाची खुर्ची दिली, ती दारातून आत जात नाही. चार बोटं कमी पडतात. खुर्ची गोठ्यात ठेवलीय आणि तिच्यात कोंबडी अंडी घालते.

त्यामुळे आईला मी पाठीवर घेते. दिवसातून पाच-सहा वेळा. शाळेच्या स्वयंपाकघरात मी कामाला असते तेव्हा ती सकाळपासून चहा पीत नाही. मी परत येईपर्यंत तहान मारून बसते.

गावकचेरीतल्या रोझाने सांगितलं, सरकारने नवं अनुदान काढलंय. अपंग माणसाच्या घराला पायऱ्यांच्या जागी उतार, रुंद दारं, घरातच संडास-न्हाणी. रोझा म्हणाली, "बुरुल, तुमचं तर पहिल्या फेरीत होईल." मी बारा कागद गोळा केले आणि नारीनच्या सरकारी ऑफिसात गेले. तीन तास रांगेत उभी राहिले. खिडकीतल्या बाईने संगणकात आईचं नाव घातलं आणि मान हलवली.

"यांना घराचा लाभ आधीच मिळालाय."

"कसला लाभ?"

"बिश्केकमध्ये फ्लॅट. मुलाने सवलतीचं सरकारी कर्ज घेतलंय, सांभाळायला म्हातारी आई आहे म्हणून यादीत वर आला. आजी तिथेच राहतात. चौथा मजला."

मी म्हटलं, "आजी आत्ता घरी चुलीपाशी बसल्यात. सकाळी मीच बसवून आले."

"कागदावर त्या बिश्केकमध्ये आहेत. एका माणसाला एकच घर. गावातल्या घराला अनुदान देता येत नाही."

माझ्या मागचा म्हातारा हसायला लागला. म्हणाला, "एका पायाची बाई चौथ्या मजल्यावर? तुझ्या आईला पंख फुटले असतील, पोरी."

बसच्या थांब्यावरून तुला फोन केला. काय बोललास ते तुला आठवत नसेल, मला आठवतं. "एजे, आणखी दोन वर्षं. पाच वर्षं पुरी झाली की नाव काढता येतं. आत्ता काढलं तर सवलत जाईल." मी विचारलं, दोन वर्षं आईला उचलणार कोण. तू म्हणालास, "तू आहेस ना."

मग मी जे बोलले ते बोलले. तू नंबर बंद केलास. एजे, एजे करतोस. मोठ्या बहिणीला अजून काय म्हणतात तुमच्यात, हमाल?

आईचं नाव सोड. ऑफिसला एक अर्ज करायचाय, तेवढंच.

बुरुल


१९ जानेवारी

ताबिल्दी,

पाकीट तू फोडलंस आणि वाचून खिशात घातलंस, असं कासिमचा जावई सांगतो. उत्तर नाही दिलंस.

नवव्या तारखेला सकाळी आम्ही दोघी पडलो. उणे अठ्ठावीस होतं, अंगणात काच पसरल्यासारखा बर्फ. आई पाठीवर होती. माझा पाय सरकला आणि मी पुढे आपटले, ती माझ्यावर. तिला काही झालं नाही. माझं मनगट मोडलं. आम्ही दोघी तशाच पडून होतो, मला उठता येईना आणि तिला तर येतच नाही. आणि ती हसत होती, तुला सांगते. म्हणाली, "जवानीत घोड्यावरून पडले नाही, म्हातारपणी लेकीवरून पडले." कासिम लाकडं फोडत होता म्हणून त्याला आमचा आवाज गेला. नाहीतर आज हे पत्र लिहायला कोणी नसतं.

आई म्हणाली, "ताबिल्दीला कळवू नकोस, परदेशात जीव घाबरेल." म्हणून मुद्दाम कळवते आहे. घाबर.

हाताला प्लास्टर आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात माझ्या जागी दुसरी बाई ठेवलीय. आता आईला न्यायला सकाळ-संध्याकाळ कासिम येतो. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, शेजारच्या पुरुषाच्या हातावर बसून संडासला जाते. त्या वेळी ती रुमाल डोळ्यांवर ओढून घेते. तू भौतिकशास्त्र शिकवायचास ना, मुलांना वजन आणि भार समजावून सांगायचास. या वजनाचं काय करायचं ते सांग.

नाव चुकून लागलंय ते काढा, असा अर्ज मी रोझाकडून लिहून आणला. नुसती आईची सही हवी. पेन तिच्या हातात दिलं. तिने ते उशीखाली ठेवलं.

"त्याचं घर जाईल," म्हणाली.

"आणि तुझं?"

"माझं कुठे जातंय? इथेच तर आहे."

"आई, त्या घरात तू राहतेस असं लिहिलंय. तू कधी पाहिलंस तरी का ते?"

"लिहिलंय ना? मग राहते. गप्प बस आणि चहा दे."

मी किटली इतक्या जोरात आपटली की झाकण उडालं. दोन दिवस बोलले नाही तिच्याशी. तिच्याशी न बोलता तिला धुवावं, पुसावं, कपडे बदलावेत, हे करून बघ कधी.

बुरुल


२ मार्च

ताबिल्दी,

तुझं उत्तर आलं. चहाचा एक पुडा, पैसे आणि दोन ओळी. "आई माझ्याकडे राहायला गेल्याचा दाखला गावकचेरीतून कोणी आणला ते आईला विचार. आणि तिथे सही कोणाची आहे तेही."

आईला कशाला विचारू. दाखला मीच आणला. सही आईची.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. रोझाला सांगितलं की ताबिल्दीने फसवून कागद घेतले, मी न वाचता आणून दिले. ते खोटं आहे. मी वाचले होते. "सायरा, वय इकाहत्तर, मुलाकडे कायमच्या राहायला गेल्या." चांगलं दोनदा वाचलं. तेव्हा माझा नवरा जाऊन चार महिने झाले होते आणि तू फोनवर म्हणाला होतास, "तीन खोल्या आहेत, एजे. एक तुझी. खिडकीतून डोंगर दिसतात." डोंगरांचं मला काय कौतुक, जन्मभर बघतेय. पण माझी म्हणून एक खोली, हे मला आजपर्यंत कोणी म्हटलं नव्हतं. त्या खोलीसाठी मी तो दाखला आणला. आईने सही केली, मुलाचं घर होतंय म्हणून. तिने त्या दिवशी कणकेचे बोरसोक तेलात तळून शेजाऱ्यांना वाटले.

तेव्हा कोणाचं काही बिघडलं नाही, हे मला मान्य आहे. आईला दोन पाय होते. तू इथल्या शाळेत शिकवत होतास, आज ना उद्या आम्हाला तिकडे नेलंही असतंस. नंतर शाळेच्या पगारात हप्ता जाईना म्हणून तू बायकोला, आयनाशला घेऊन रशियाला गेलास, तेही समजलं. पण खोटं बोललो तिघं आणि त्याचं ओझं उचलते एकटी मी, हे कसं? मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणायचं होतंस की एजे, अडचण आहे, काहीतरी करू. तू म्हणालास, तू आहेस ना. ते वाक्य मी विसरणार नाही. मला पुरतील तेव्हा त्यावरच माती टाकतील.

आता पुढचं ऐक. अर्ज मीच पाठवला, माझ्या सहीने. खोटा दाखला मीच आणला होता हेही त्यात लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं, प्लास्टर नुकतंच काढलेलं म्हणून असेल. ऑफिसचं उत्तर आलंय. ११ मे रोजी तपासनीस तुझ्या फ्लॅटवर येईल. लाभार्थी व्यक्ती तिथे स्वतः हजर पाहिजे. म्हणजे आई तिथे राहत नाही हे सांगायला आईने तिथे जायचं. रोझाने तीनदा फोन करून विचारलं. ते म्हणाले, नियम आहे.

मला वाटलं आई चिडेल. ती म्हणाली, "जाऊ या. मला घर बघायचंय."

"तिथे काय सांगणार आहेस?"

"आधी बघू तर दे."

बुरुल


१४ मे

ताबिल्दी,

काल परतलो. सगळं सांगते. कासिमच्या तोंडून अर्धवट ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक.

टॅक्सीवाल्याने पुढची सीट मागे पाडून आईला अंथरूण करून दिलं. दोलोनच्या घाटात अजून बर्फ होता. आई सगळा रस्ता खिडकीला नाक लावून होती. रुग्णालय सोडलं तर दहा वर्षांनी गाव सोडून निघाली होती ती.

तुझी इमारत जुनी, पाच मजल्यांची. लिफ्ट नाही. मी खाली उभी राहून वर बघत राहिले. मग तळमजल्यावरच्या रोटीवाल्याकडून लाकडी खुर्ची मागितली. तो, त्याचा भाऊ, टॅक्सीवाला आणि रस्त्यावरचा एक अनोळखी माणूस, चौघांनी आईला खुर्चीसकट उचललं. तिसऱ्या मजल्यावर दम खायला थांबले तेव्हा रोटीवाल्याने विचारलं, "आपा, कोणाकडे चाललात?" आई म्हणाली, "माझ्याच घरी. तीन वर्षं झाली राहते इथे." चौघं एकमेकांकडे बघायला लागले.

तू सांगितलं होतंस की घराला कुलूप आहे. दार एका बाईने उघडलं. रुग्णालयाच्या कपड्यात, पायाशी दोन लहान मुली. मीरगुल नाव, परिचारिका आहे. वर्षभर तुला भाडं देते. आम्हाला बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं. "तुम्ही घरमालकाची आई का? मी पुढच्या महिन्याचंही दिलंय हो." तिला वाटलं आम्ही तिला काढायला आलो. आणि ताबिल्दी, मी तिथे उभी राहून विचार करत होते की माझी खोली कोणती असेल. खिडकीतून डोंगर खरंच दिसतात. त्या खोलीत आता तिच्या मुली झोपतात.

आईने सगळं पाहिलं. भिंतीवरून हात फिरवला, म्हणाली, "चांगला गिलावा आहे." मग मला म्हणाली, "मला न्हाणीघरात ने."

मीरगुलला रोजची सवय, तिने एका मिनिटात आईला नीट बसवलं. धरायला एका बाजूला स्टूल ठेवलं. आई म्हणाली, "आता दोघी बाहेर जा." आम्ही बाहेर आलो. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

मी घाबरले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पाणी वाहत होतं. मी दार वाजवलं. आतून म्हणाली, "काय आहे? बसू दे की मला." अर्धा तास बसली. शेवटी कडी उघडली तेव्हा चेहरा धुतलेला, केस ओले करून विंचरलेले. पाय गेल्यापासून ती पहिल्यांदा दार लावून एकटी बसली होती. हे मला तेव्हा कळलं. मी तिला रोज उचलते आणि मला ते सुचलं नव्हतं.

तपासनीस दुपारी आला. तरुण होता, सभ्य होता. पायातले जोडे दाराबाहेर काढून आला. फाइल उघडली आणि आईला विचारलं, "आजी, तुम्ही इथे राहता का?"

मी आईकडे पाहिलं नाही. ती हो म्हणाली असती तर मी तिला उचलून परत आणलं असतं आणि आयुष्यभर उचलत राहिले असते. वर खोटा अर्ज केला म्हणून माझ्यावर जे काय झालं असतं ते झालं असतं.

आई म्हणाली, "मी इथे राहत असते तर माझा मुलगा माझ्याजवळ असता. तो नाही, मीही नाही. मी आज पहिल्यांदा आले, चौघांनी उचलून आणलं. सही माझीच आहे, ती खोटी केली. त्याचा काय दंड असेल तो मला सांग. आणि ही पोरगी इथे भाडं देऊन राहते, तिला रस्त्यावर काढू नका."

तपासनिसाने लिहून घेतलं. लिहिताना तो आईकडे बघत नव्हता. आईने सही केली आणि मीरगुलकडे चहा मागितला. दुधाचा, मीठ घातलेला. तीन पेले प्यायली.

बुरुल


३० जुलै

ताबिल्दी,

"तुम्ही दोघींनी मिळून माझं घर मोडलंत." एवढं एकच वाक्य लिहायला तुला अडीच महिने लागले.

आईला ते वाचून दाखवणार नव्हते. तिने पाकीट पाहिलं, दाखवावं लागलं. ऐकून ती भिंतीकडे तोंड करून पडली. जेवली नाही. माझ्या मनात काय आलं ते लिहीत नाही, कागद जळेल.

घर मोडलं नाहीये. ऑफिसचा हुकूम सोबत जोडला आहे, नीट वाच. सवलत गेली, घर नाही. ३० सप्टेंबरच्या आत तू स्वतः हजर राहून नेहमीच्या व्याजाचा करार केलास तर फ्लॅट तुझाच. नाही आलास तर ते परत घेतील. आईचं वय बघून दंड माफ केला. मला ताकीद दिली, तीही लेखी. मीरगुलचं तपासनिसाने लिहून घेतलं होतं, पण हुकुमात तिचं नाव नाही. ती तुझी जबाबदारी.

आमचं अनुदान मंजूर झालं. पुढच्या महिन्यात काम सुरू. हे वाचून तुला आनंद व्हायला हवा. होतोय का ते तुझं तू बघ.

आणि आता जे लिहायचंय त्यासाठी मी सकाळपासून तीन कागद फाडलेत. आईने घोडी विकली. तपकिरी, कपाळावर पांढरा टिळा असलेली, जिचं दूध आंबवून कुमिस करून आम्ही उन्हाळाभर विकतो. मी नारीनला गेले होते, परत आले तर खुंटा मोकळा. मी विचारलं, कुठे गेली. म्हणाली, "व्याज वाढलंय ना त्याचं. पहिले काही हप्ते जड जातील."

मी तिच्यावर ओरडले. जन्मात ओरडले नव्हते इतकी. म्हटलं, त्याने तुला चौथ्या मजल्यावर बसवलं, भाडं खाल्लं, तुझ्या लेकीचा हात मोडला आणि तू त्याच्यासाठी घोडी विकतेस. ती म्हणाली, "खरं बोलायचं होतं ते बोलले. आता मुलाला मदत करायची आहे ती करते. दोन्ही मीच करणार, तुला कोणी मधे बोलावलंय?"

पैसे कासिमच्या जावयाकडे दिलेत. घे. लाज वाटत नसेल तर घे. वाटत असेल तरी घे, कारण परत पाठवलेस तर ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडेल आणि तिला जेवायला घालणारी मीच आहे.

बुरुल


२२ ऑक्टोबर

ताबिल्दी,

तू आलास, दोन दिवस राहिलास, गेलास. माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. दारात आलास तेव्हा आईच्या गळ्यात पडलास आणि माझ्या बाजूने असा गेलास की जणू मी खुंटाळ्याचं लाकूड. मी मटण-शेवयांचं बेशबारमाक केलं, तू वाडगं पुढे केलंस, मी वाढलं. गावात पाहुणा आला तरी चुलीपाशी बसलेल्या बाईला नमस्कार करतो.

बिश्केकला जाऊन करार केलास आणि मीरगुलला आणखी वर्षभर राहू दिलंस, हे मला आईकडून कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत भांडी घासत होते (सप्टेंबरपासून मला परत घेतलंय), तेव्हा तू इथे काय केलंस तेही कासिमकडून कळलं.

तो म्हणाला, तू रिकामी खुर्ची घेऊन नव्या उतारावर वर-खाली केलंस. मग स्वतः तिच्यात बसलास आणि हात सोडलेस. थेट फाटकावर जाऊन आदळलास, कोपर खरचटलं. उठून कासिमकडे टेप मागितला, मोजलंस, जमिनीवर काडीने आकडे लिहिलेस आणि म्हणालास, "हा उतार चढा आहे. बर्फ पडला की आई थांबू शकणार नाही." ठेकेदाराने जागा वाचवायला उतार आखूड केला होता. सरकारी माणूस येऊन मोजून, शिक्का मारून गेला होता. आमच्यापैकी कोणाला कळलं नाही. कळलं असतं ते जानेवारीत.

मी दुपारी आले तेव्हा तू आणि कासिम उताराचं टोक फोडून पुढे वाढवत होतात. दोघांचे कपडे सिमेंटने भरलेले. मी पाहिलं, तू पाहिलंस की मी पाहिलं. मी आत गेले आणि चहा ठेवला. तू आत आला नाहीस, कासिमने दोन पेले बाहेर नेले.

सिमेंट सुकलं. काल पहिला बर्फ पडला. आई एकटी खाली उतरली, फाटकापाशी थांबली, रोझाशी कोंबड्यांवरून अर्धा तास भांडली आणि स्वतः चाकं फिरवत वर आली. आता तिला कोणी हात लावलेला चालत नाही. घरातल्या न्हाणीची कडी ती इतक्या जोरात लावते की शेजारी ऐकू जावं.

तर उतार आता बरोबर आहे, हे तुला कळावं म्हणून लिहिलं. माझा राग गेलाय असं समजू नकोस. तो आहे. पुढच्या वेळी येशील तेव्हा दारातून आत आल्यावर पहिलं तोंड तू उघडायचं. सलाम धाकट्याने करायचा असतो.

बुरुल